वाचनालयाच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवण्याआधी

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात २०१२ च्या सुमारास घेतलेला एक संगणक आहे. त्यावर आधी विंडोज ७ होते, पुढे कोणीतरी विंडोज १० चढवले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे) संपला आणि इतका जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, त्यामुळे त्यावर लिनक्सच्या घराण्यातली हलकी, मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसवावी असे समितीने ठरवले व ते काम माझ्याकडे आले. प्रत्यक्ष बसवणी अर्ध्या-पाऊण तासाची असते. त्याआधीची तयारी मात्र, आठवडाभराची टिपणे सोडली तरी, दोन-तीन दिवस घेते, आणि ती ज्या क्रमाने करावी असे मला अनुभवाने वाटते त्याच क्रमाने ती येथे मांडली आहे.

सर्वांत आधी यंत्राकडे न पाहता त्यावर चालणाऱ्या कामाकडे पाहावे. ग्रंथपाल, चिटणीस व येणारी मुले त्या संगणकावर नेमके काय करतात हे आठवडाभर वहीत टिपून ठेवावे. पुस्तकांची नोंद, बैठकीचे इतिवृत्त, सरकारी संकेतस्थळावरचे अर्ज आणि छपाई एवढेच असेल तर अडचण येत नाही. हिशेब टॅलीत असतील, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावून काही दाखल करावे लागत असेल, किंवा डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय न उघडणारे जुने मराठी अक्षरजुळणीचे पॅकेज वापरात असेल, तर विंडोज काढून टाकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी नांदतील अशी योजना करावी. त्यासाठी डिस्कवरची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करून मोकळी ठेवावी व ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू राहिले तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर (डिस्कच्या विंडोज असलेल्या भागावर) लिहिता येत नाही.

त्यानंतर फाइलींच्या प्रती घ्याव्यात. येथे माझी एक चूक सांगणे योग्य ठरेल. काही वर्षांपूर्वी पेडण्यातील एका नातेवाइकांच्या संगणकावर मी असेच काम केले, तेव्हा ‘महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे, सी पुसला तरी चालेल’ या त्यांच्या वाक्यावर मी विसंबलो आणि बसवणीच्या वेळी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशने होती. दोन्ही गेली, आणि त्यांबरोबर घरच्या एका लग्नाची छायाचित्रेही गेली. तेव्हापासून मी फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर घेतो, त्यांतील दहा-बारा फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो आणि मगच पुढे जातो. डेस्कटॉपवर व डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडलेल्या वस्तू, ब्राउझरमधील खुणा व साठवलेले पासवर्ड यांचीही आठवण ठेवावी, कारण लोक त्यांना ‘फाइली’ मानत नाहीत. संगणकाच्या डब्यावर चिकटवलेल्या पट्टीवरील विंडोजची किल्ली (परवान्याचा क्रमांक) वाचता येत असेल तर ती वहीत उतरवून घ्यावी.

प्रती घेताना मराठी फाइलींसाठी वेगळा वेळ राखावा, किंबहुना सर्वाधिक वेळ तेथेच द्यावा. आमच्या वाचनालयाच्या संगणकात जत्रेच्या नाटकांच्या संहिता, भजनी मंडळासाठी टंकलेले अभंग आणि अनेक वर्षांची इतिवृत्ते होती, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये होता. अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नायकाचे पहिलेच वाक्य रोमन अक्षरे व चिन्हे यांचा काला होऊन समोर येते. विंडोज चालू आहे तोवरच प्रत्येक फाइल उघडून फॉन्टचे नाव टिपावे, त्याची फाइल विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधून उचलून प्रतींबरोबर ठेवावी आणि महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ तेथेच काढून घ्यावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सामावला गेला की ती कुठेही वाचता येते. नव्या प्रणालीत तो जुना फॉन्ट बसवला तर लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत लेखन-पॅकेजमध्ये फाइल बहुधा दिसू लागते, परंतु शोध, क्रमवारी व दुरुस्ती यांसाठी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करणेच हिताचे आहे. रूपांतरक फॉन्टपरत्वे बदलतो, म्हणून नाव टिपण्याचा आग्रह. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नव्हे, आणि ‘कीर्तन’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

आता यंत्र. प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा, हे विंडोजच्या सिस्टीमच्या पानावर दिसते. मेमरी किती आहे आणि दुसरी पट्टी बसवायला खाच रिकामी आहे का, हे डबा उघडून पाहावे. डबा उघडलाच आहे तर धूळ झाडावी आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलून टाकावा. तो बहुतेक यंत्रांत सीआर२०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो आणि कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो. हा सेल मेला की संगणकाचा वीजपुरवठा तुटताच तारीख काही वर्षे मागे जाते, मग सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्र अवैध असल्याची तक्रार करतात, अद्ययावतीकरण अडते, आणि आपण तासभर इंटरनेटला दोष देत बसतो. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी (चिपांवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) बसवण्याइतके पैसे समितीकडे असतील तर ते आधी तिच्यावर खर्च करावेत. कोणत्याही हलक्या प्रणालीने पडणार नाही एवढा फरक तिने पडतो.

कोणती प्रणाली घ्यावी यावर वाद घालणाऱ्यांची हौस मोठी आहे. मी त्यात फार रमत नाही. ४ जीबी मेमरी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (खिडक्या-मेनू दाखवणारा भाग) असलेली आवृत्ती घ्यावी, कारण नवख्याला ती ओळखीची वाटते आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी डेस्कटॉप असलेले लुबुंटू पाहावे. त्याच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला तीन वर्षे मिळतात, म्हणजे २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत. यंत्र ३२ बिटचे असेल तर निवड फार अरुंद होते: लुबुंटूची ३२ बिटसाठीची शेवटची दीर्घ आधाराची आवृत्ती १८.०४ होती आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने (डेबियन ही अनेक लिनक्स प्रणालींचा पाया असलेली प्रणाली) त्या यंत्रांसाठीची बसवणी थांबवली, त्यामुळे डेबियन १२ वर आधारलेले अँटिएक्स २३ सारखे मोजकेच व्यवहार्य मार्ग उरतात. एक गोष्ट मात्र समितीला आधीच स्पष्ट सांगावी. हलका असतो तो डेस्कटॉप. ब्राउझर हलका नसतो. २ जीबीच्या यंत्रावर एकाच वेळी आठ पाने उघडणाऱ्याला कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

प्रणालीची आयएसओ फाइल (बसवणीचे सगळे साहित्य असलेली एकच फाइल) सुमारे ३ जीबीची असते. ती मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तेथे दिलेल्या शा-२५६ अंकाशी (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या तिच्या ठशाशी) आपल्या फाइलचा अंक जुळवून पाहावा. ६४ चिन्हांची ती ओळ कंटाळवाणी दिसते, पण पावसाळ्यात इंटरनेटची तार मधेच रुसली आणि फाइल अपुरी उतरली तर ते तिच्यावरूनच कळते. मग ८ जीबीची पेनड्राइव्ह घेऊन रूफस किंवा बलेना एचर या साधनाने ती आयएसओ तिच्यावर लिहावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, तेव्हा कोणाची तरी मागून घेतलेली वापरू नये.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्यासाठी चालू होताच विशिष्ट कळ दाबावी लागते. ती अनेक यंत्रांत एफ१२, काहींत एफ९ किंवा एस्केप असते. सुरू झालेली प्रणाली लगेच बसवू नये. काहीही न बसवता ती तशीच वापरून पाहण्याची सोय असते आणि तयारीचा कस तेथेच लागतो. पडद्याचे रिझोल्यूशन, आवाज, यूएसबीची सगळी तोंडे आणि वाय-फाय पाहावे. काही जुन्या वाय-फाय चिपांना बंदिस्त ड्रायव्हर लागतो आणि तो मिळवायला इंटरनेट हवे असते. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केले (म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला दिले) की काम भागते, म्हणून केबल सोबत असावी. प्रिंटर जोडून एक पान खरोखर छापून पाहावे. स्वस्तातले काही लेझर प्रिंटर स्वतःची बंदिस्त भाषा बोलतात, त्यामुळे मॉडेल ओपनप्रिंटिंगच्या (लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाच्या) यादीत आधीच शोधलेले बरे.

मराठीची चाचणीही याच वेळी घ्यावी. कळफलकाच्या यादीत भारताखाली मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना) असतो. रोमनमधून उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांसाठी आयबस आणि एम१७एन ही जोडी बसवता येते. चाचणीसाठी मी गोव्याला शोभणारे दोन शब्द ठरवले आहेत: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिल्यात साधा र, पायमोड आणि य येतो व रफार उमटतो. दुसऱ्यात शिफ्ट धरून जे दाबल्यावर मिळणारा ऱ, मग तोच पायमोड आणि य. दोन्ही शब्द पडद्यावर वेगळे दिसले, लिब्रेऑफिसमध्ये वेगळे राहिले आणि कागदावरही वेगळे छापले गेले, तर फॉन्ट व कळफलक दोन्ही ठीक आहेत असे समजावे. शिफ्ट आणि एन दाबून ळ येतो ना, हेही पाहावे. वाचनालयात कोकणी लिहिणारेही येतात आणि त्यांचेही काम याच कळफलकावर निभते.

बसवणीचा दिवस निवडताना आकाश पाहावे. जून-जुलैत विजेचा भरवसा नसतो आणि पार्टिशन लिहिले जात असताना वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून यूपीएसची बॅटरी किती मिनिटे टिकते ते आदल्या दिवशी तपासावे. बसवताना विचारले जाणारे प्रश्न थोडे असतात. वेळेचा विभाग आशिया-कोलकाता ठेवावा, वापरकर्त्याचे नाव लहान रोमन अक्षरांत द्यावे, आणि पासवर्ड ग्रंथपालांच्या कुलूपबंद नोंदवहीत लिहून ठेवावा. तो फक्त माझ्याच डोक्यात राहिला तर पुढचे प्रत्येक अद्ययावतीकरण माझ्या फेरीची वाट पाहत राहील. डिस्कचा पर्याय निवडण्यापूर्वी पडद्यावरील डिस्कचा आकार मोठ्याने वाचून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घेण्याची सवय मी पेडण्याहून परतल्यावर लावून घेतली.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर सर्व अद्ययावतीकरण करून घ्यावे, प्रिंटर पुन्हा जोडावा, प्रतींतल्या फाइली परत आणाव्यात आणि भाषा बदलण्याची कळजोडी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावी. बाहेर पाठवायच्या फाइली कोणत्या स्वरूपात साठवायच्या हे लिब्रेऑफिसमध्ये तेव्हाच ठरवून द्यावे. एसएसडी नवी बसवली असेल तर काढलेली जुनी डिस्क पुसू नये: तारीख लिहिलेली पट्टी लावून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट बंद पिशवीत घालून ती निदान एका चतुर्थीपासून पुढच्या चतुर्थीपर्यंत वाचनालयाच्या कपाटात ठेवावी, कारण तिच्यावरची एखादी विसरलेली संहिता मागायला कोणी ना कोणी त्या सुमारास येतोच.