जन्मजात खुब्याच्या विकारात सांधेबदल: शस्त्रक्रियेचा मार्ग कसा ठरवावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील ज्या रुग्णांचा खुबा जन्मापासून उथळ किंवा निखळलेला आहे, त्यांनी सांधेबदलासाठी कोल्हापूर वा मुंबई गाठताना जुने एक्स-रे आणि लहानपणीच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत. मांडीचे हाड किती वर सरकले आहे, हे डॉक्टरांना प्रथम विचारावे. क्रो वर्गीकरणाच्या, म्हणजे खुबा किती निखळला आहे हे सांगणाऱ्या पद्धतीच्या, ४ श्रेणी त्यावरच ठरतात; पहिली सर्वांत सौम्य, चौथी सर्वांत गंभीर.

शस्त्रक्रियेचा मार्ग म्हणजे सर्जन कोणत्या बाजूने छेद घेऊन सांध्यापर्यंत पोहोचतो ते. पहिल्या दोन श्रेणींत मागचा, बाजूचा किंवा पुढचा यांपैकी सर्जनचा हात ज्यावर बसलेला आहे तोच मार्ग योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथ्या श्रेणीत मात्र खुब्याची नवी कृत्रिम वाटी (खोबण) शक्यतो मूळ जागी बसवायची असल्याने वर गेलेले हाड खाली आणावे लागते, आणि पाय एकदम सुमारे ४ सेंटिमीटरहून अधिक लांबवल्यास सायटिक नसेला (खुब्यामागून पायात जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला) इजा होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी बहुधा मांडीच्या हाडाचा वरच्या भागातील तुकडा काढून लांबी कमी करतात. मागचा मार्ग गरजेप्रमाणे खाली वाढवता येत असल्याने तो येथे सोयीचा ठरतो. हाडाचा पीळ सीटी स्कॅनवर मोजून लहान आकाराचे रोपण (कृत्रिम सांधा) आधीच मागवलेले आहे ना, याची खात्री करावी.

मागच्या मार्गानंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत खुबा ९० अंशांपलीकडे वाकवू नये. म्हणजेच पाटावर बसून विळीवर मासळी कापणे आणि भातलावणी दोन्ही बंद ठेवावीत, आणि घरी उंच खुर्ची व कमोड आधीच बसवून घ्यावेत.