लोहाच्या ऑक्साइडवरची तीन गणितं: संयुग, वायू, इलेक्ट्रॉन

संयुगात लोह ६९.९ टक्के, ऑक्सिजन ३०.१ टक्के. सूत्र काढा. टक्क्यांची थेट तुलना करायची नाही. नमुना १०० ग्रॅमचा धरा आणि आधी मोल काढा, म्हणजे प्रत्येकाच्या ग्रॅमना त्याच्या अणुवस्तुमानाने भागा.

लोह: ६९.९ ÷ ५५.८५ = १.२५२ मोल
ऑक्सिजन: ३०.१ ÷ १६.०० = १.८८१ मोल

लहान संख्येने दोन्हींना भागलं की १ : १.५० येतं. घात होतो तो इथेच. १.५ चे २ करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण अर्धा अणू नसतो म्हणून दोन्ही बाजूंना २ ने गुणायचं: लोह २, ऑक्सिजन ३. शेवटी .३३ किंवा .६७ आलं तर ३ ने गुणा, .२५ आलं तर ४ ने. १.०२ सारखी संख्या मात्र खुशाल १ धरा. मधल्या पायऱ्यांत किमान तीन दशांश स्थळं ठेवा.

आता हेच ऑक्साइड ८.०० ग्रॅम घेऊन कार्बन मोनॉक्साइडने त्याचं पूर्ण क्षपण केलं, म्हणजे त्यातला सगळा ऑक्सिजन काढून घेतला. २७ अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला कार्बन डायऑक्साइड किती मिळेल? ऑक्साइडच्या १ मोलचं वस्तुमान १५९.७ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडे ०.०५०१ मोल. संतुलित समीकरणात १ मोल ऑक्साइडमागे ३ मोल वायू सुटतो, म्हणून ०.१५० मोल.

आकारमान = मोल × ०.०८२१ × केल्विन तापमान ÷ दाब = ०.१५० × ०.०८२१ × ३०० ÷ १ = ३.७ लिटर

उत्तर ०.३३ लिटर आलं असेल तर तापमान २७ च ठेवलंय. ३.३६ आलं तर पाठ केलेलं २२.४ वापरलंय, ते फक्त ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला चालतं. दाब किलोपास्कलमध्ये दिला असेल, तर ०.०८२१ च्या जागी वायू स्थिरांक ८.३१४ घ्या.

राहिलं लोहाच्या आयनाचं (प्रभारित अणूचं) इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे ३डी, ४एस अशा कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते. तीन ऑक्सिजनचा प्रभार मिळून उणे ६, म्हणून दोन लोहांवर अधिक ६, प्रत्येकी अधिक ३. लोहाचे इलेक्ट्रॉन २६: आरगॉनचे १८, मग ३डी मध्ये ६ आणि ४एस मध्ये २. भरताना ४एस आधी भरतो, म्हणून काढताना ३डी आधी रिकामा करायचा, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आधी जातात ४एस मधले दोन, मग ३डी मधला एक. उरतात ३डी मध्ये ५, पाचही एकेकटे, म्हणजे जोडीदार नसलेले. तुमच्या उत्तरात एकटे इलेक्ट्रॉन ३ च असतील, तर तिन्ही ३डी मधून काढलेत.