वर्कशॉपच्या नेटवर्कवर कोण कुणाशी बोलतंय?

नाशिकच्या सातपूर-अंबडकडचे छोटे कारखाने आणि कॉलेज रोडवरचे काही दवाखाने यांची नेटवर्कं मी सांभाळते. मालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, अँटीव्हायरस आहे ना, मग नेटवर्कचं ऑडिट कशाला?" मी उलट विचारते, तुमच्या नेटवर्कवर आत्ता किती यंत्रं आहेत? सांगितलेला आकडा सहसा कमीच निघतो.

आधी लेखी परवानगी घ्या. कुठली रेंज (म्हणजे कुठले आयपी पत्ते तपासणार), किती वाजता, सगळं मेलवर हवं. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये विनापरवानगी शिरलात तर आयटी कायदा, २००० चं कलम ४३ लागतं. हेतू वाईट ठरला तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद.

मग एनमॅप, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं शोधणारं सॉफ्टवेअर. १९९७ पासूनचं, फुकट, आणि माझ्या मते या कामाला दुसरं काही शोधूच नये. रेंज १९२.१६८.१.०/२४ असेल तर तिच्यावर आधी नुसता पिंग स्कॅन (कोण चालू आहे एवढंच विचारणारा) चालवा, पण लिनक्सवर सुडो लावून किंवा विंडोजवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. तेव्हा ते एआरपीनं (हा आयपी पत्ता कुणाचा, हे आपल्याच नेटवर्कवर विचारण्याची पद्धत) शोधतं आणि पिंगला दाद न देणारे पीसीही सापडतात. यादी छापून घ्या आणि ऑफिसभर फिरा. टेबलाखालचा जुना राउटर, हजेरीचं थंब मशीन, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, एकेकावर टिक करा. मॅक पत्त्यातलं (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा कुणाचा तरी मोबाइल. हल्लीचे फोन बनावट पत्ता देतात, त्यापायी दुपार घालवू नका.

आता व्हर्जन स्कॅन, म्हणजे यंत्राच्या कुठल्या पोर्टवर (सेवेचं क्रमांक असलेलं दार) कुठली सेवा चालतेय ते बघणं. सीएनसी (संगणकानं चालणारी कारखान्यातली मशीनं) चालू असताना मात्र अजिबात नको, जुने कंट्रोलर भलत्या पॅकेटनं अडकतात. सुट्टीच्या दिवशी करा. (प्रिंटरच्या ९१०० पोर्टला एनमॅप या वेळी आपणहून वगळतं, कारण काही प्रिंटर आलेलं सगळं छापत सुटतात!) २३ पोर्टवर टेलनेट (पासवर्डही उघडा पाठवणारं जुनं रिमोट लॉगिन) दिसलं तर बंद करा. ३३८९, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (इंटरनेटवरून आत येऊ देणारी सेटिंग) असेल तर त्याच दिवशी काढा. अकाउंटंटला घरून टॅली बघायचीय? व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित रस्ता) द्या.

वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपवर टाकून थेट सुरू केलं तर फक्त तुमचाच ट्रॅफिक आणि ब्रॉडकास्ट दिसेल, कारण स्विच बाकीच्यांचं तुमच्याकडे पाठवतच नाही. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा स्विच हवा. स्विचच्या राउटरकडे जाणाऱ्या पोर्टचं मिररिंग, म्हणजे तिथल्या ट्रॅफिकची नक्कल, तुमच्या पोर्टवर लावा. अर्धा तास कॅप्चर करा, मग स्टॅटिस्टिक्समधलं कॉन्व्हर्सेशन्स उघडून बाइट्सनुसार लावा. वरच्या चार-पाच ओळींतच बरंच काही कळतं. फिल्टरमध्ये डीएनएस टाकलंत की कोण कुठलं नाव विचारतंय ते दिसतं. एचटीटीपीएसच्या आतला मजकूर वाचता येणार नाही, पण कोण, कुठे, किती, एवढं पुरतं.

डीव्हीआरवर जास्त वेळ द्या. कुणी मोबाइलवर कॅमेरा बघत नसतानाही तो बाहेरच्या सर्व्हरशी बोलताना दिसेल. बऱ्याचदा ती कंपनीची पीटूपी सेवा (बाहेरून मोबाइलवर कॅमेरा बघण्यासाठीची) असते. वापरत नसाल तर सेटिंगमधून बंद करा आणि पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर पसरलं ते अशाच कॅमेऱ्या-डीव्हीआरांच्या फॅक्टरी पासवर्डवर. जमलं तर डीव्हीआरला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरचं वेगळं केलेलं नेटवर्क) टाका.

रोज नजर ठेवायची तर मिरर पोर्टला जुना पीसी जोडून त्यावर एनटॉपएनजी (ट्रॅफिकचा हिशोब दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवा. आणि खरंच घुसखोरी दिसली तर मशीन फॉरमॅट करायची घाई नको. केबल काढा, लॉग जपून ठेवा आणि ६ तासांच्या आत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवा. कंपन्यांना २०२२ पासून ते बंधनकारक आहे.