सोसायटीतील ध्वजारोहण : या चुका टाळा

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत एका स्वातंत्र्यदिनी प्रमुख पाहुण्यांनी दोरीला हिसका दिला, पुन्हा दिला, पण वर बांधलेली तिरंग्याची पुरचुंडी काही सुटेना. अखेर वॉचमनने दोरी सैल करून ध्वज खाली घेतला आणि गाठ सोडवली. तोवर कोणीतरी राष्ट्रगीत सुरू करून टाकले होते.

दोष पाहुण्यांचा नव्हता. आदल्या संध्याकाळी बांधलेली सुती दोरी रात्रभर पावसात भिजून आवळली होती आणि तिचे टोक दोनदा गुंडाळून पक्के करण्यात आले होते. ठाण्यातला ऑगस्ट लक्षात घेता ध्वज त्याच दिवशी सकाळी बांधावा, दोरी नायलॉनची घ्यावी आणि शेवटचा वेढा पक्क्या गाठीने न बांधता ओढायच्या दोरीचा पेड दुमडून वेढ्याखाली नुसता खोचावा, म्हणजे खालून झटका बसताच तो सुटतो. बांधून झाल्यावर एकदा उघडून पाहावा आणि पुन्हा बांधावा. ही रंगीत तालीम टाळणाऱ्या समितीवर दरवर्षी एखादी फजिती ओढवतेच.

ध्वज उलटा लागण्याची चूकही बांधतानाच होते. घडी घालणाऱ्याने केशरी पट्ट्याकडील टोक दोरीच्या वरच्या बाजूला आले आहे याची खात्री केली की हा प्रश्न उरत नाही. आत फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास भारतीय ध्वजसंहितेत राष्ट्रीय दिनांसाठी स्पष्ट मुभा आहे. मात्र पाकळ्या कोरड्या आणि मूठभरच असाव्यात, कारण ओल्या पाकळ्या कापडाला चिकटून बसतात. ध्वजस्तंभावर झेंडूच्या माळा गुंडाळण्याची आपल्याकडची हौस मात्र संहितेला मान्य नाही, कारण ध्वजस्तंभावर किंवा त्याच्या वर फुले, हार वा चिन्ह लावू नये, असे तिच्यात सांगितले आहे. त्याच काठीवर मंडळाचा झेंडा लावणेही चूक आहे आणि शेजारी दुसरा ध्वज तिरंग्याहून उंच किंवा बरोबरीने लावणेही.

सभासदांचे काही आग्रह आता कालबाह्य झाले आहेत. ध्वज खादीचाच हवा, असे अजूनही सांगितले जाते, परंतु ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर तयार झालेला ध्वजही चालतो. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असणे मात्र आवश्यक आहे, आणि फुटपाथवरून घाईने घेतलेला ध्वज नेमका तिथेच चुकतो. सूर्यास्तापूर्वी ध्वज उतरवलाच पाहिजे, हा नियमही जुलै २०२२ मध्ये शिथिल झाला असून उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर तो रात्रंदिवस ठेवता येतो. या सवलतीचा अर्थ ‘लावा आणि विसरा’ असा मात्र घेतला जातो. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने वाशी, ऐरोलीसारख्या ठिकाणी गच्चीवरचा ध्वज लवकर विरतो, मोकळ्या कडेचे धागे सुटू लागतात, आणि फाटलेला ध्वज लावणे संहितेविरुद्ध आहे. म्हणून आठवड्यातून एकदा ती कड पाहण्याचे काम एका सभासदाकडे नावानिशी द्यावे.

ध्वज चढवताना झपाट्याने आणि उतरवताना सावकाश, सन्मानाने उतरवावा. उतरवताना दोन माणसे हवीतच, कारण एकटा माणूस दोरी सोडता सोडता कापड जमिनीला टेकवतो. विरलेला ध्वज कचऱ्याच्या डब्यात टाकू नये किंवा त्याची फडकी करू नयेत. तो खासगीत, शक्यतो जाळून, संपूर्ण नष्ट करावा. मुलांच्या हातातील कागदी झेंड्यांनाही हेच लागू आहे, म्हणून कार्यक्रम संपताच ते गोळा करण्यासाठी फाटकाशी एक खोका ठेवावा.