बॉण्डपटांची क्रमवारी कशी लावावी: आधी नट बाजूला ठेवा

बॉण्डपटांच्या क्रमवारीवरून होणारे बहुतेक वाद मुळात सिनेमांचे नसतातच. ते कॉनरी थोर की मूर, क्रेग सरस की ब्रॉस्नन, असे असतात. शाळा-कॉलेजच्या दिवसांत ज्याने जो बॉण्ड पाहिला, त्याच्याच बाजूने तो भांडतो. मग आवडत्या नटाचे सगळे सिनेमे एका दमात वर चढतात आणि 'तो एकदाच बॉण्ड झालेला कोण?' म्हणून जॉर्ज लॅझेन्बीचा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) न पाहताच मागे ढकलला जातो. ही नटांची यादी झाली. सिनेमांची लावायची तर थोडी मेहनत पडते. आठवड्याला दोन सिनेमे धरले तर तीन महिने जातील. घाई असेल तर हा उद्योग करूच नये.

१. यादी पक्की करा

बॉण्डपटांची मुख्य मालिका काढणाऱ्या इऑन प्रॉडक्शन्स या कंपनीचे सिनेमे २५ आहेत: 'डॉ. नो' (१९६२) पासून 'नो टाइम टू डाय' (२०२१) पर्यंत. बाहेरच्या निर्मात्यांचे दोन आहेत. १९६७ चा 'कसिनो रोयाल' हे विडंबन आहे, ते सोडून द्या. दुसरा 'नेव्हर से नेव्हर अगेन' (१९८३) मात्र यादीबाहेर ठेवूनही पाहाच, आणि 'थंडरबॉल' (१९६५) च्या पाठोपाठ पाहा. हक्कांच्या जुन्या वादामुळे तीच गोष्ट पुन्हा काढली गेली, आणि नायकही तोच, शॉन कॉनरी. गोष्ट तीच, नट तोच, तरी एक सिनेमा उजवा आणि दुसरा डावा का वाटतो, याचं उत्तर शोधताना नजर आपोआप दिग्दर्शन, संकलन आणि संगीताकडे वळते. दुसऱ्यात तर ती ओळखीची बॉण्डची धूनही नाही. ती नसली की काय काय हरवतं, ते कानाला लगेच कळतं.

२. पाहण्याचा क्रम मोडा

प्रदर्शनाच्या क्रमाने पाहू नका. रॉजर मूरचे सात सिनेमे ओळीने पाहिले की सातव्याच्या वेळी कंटाळा आपलाच असतो आणि दोष सिनेमाच्या माथी जातो. चिठ्ठ्या टाका आणि येईल तो पाहा. अपवाद डॅनियल क्रेगच्या पाच सिनेमांचा, ते क्रमानेच पाहायचे, कारण त्यांची गोष्ट सलग आहे. 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) तर 'कसिनो रोयाल' (२००६) संपल्यावर काही मिनिटांतच सुरू होतो.

मूळ इंग्रजी आवाज ठेवा, खाली अक्षरं लावा. प्रत पूर्ण आहे ना, हेही बघा. 'स्पेक्टर' (२०१५) आपल्याकडच्या थिएटरांत आला तेव्हा सेन्सॉरने चुंबनदृश्यांना कात्री लावली होती आणि त्यावरून 'संस्कारी बॉण्ड'चे विनोद फिरले होते. तेवढाच पाहिला असेल तर तो न पाहिल्यात जमा धरा.

३. वहीत नटाऐवजी दिग्दर्शकाचं नाव लिहा

या एका बदलाने सगळं चित्र पालटतं. लुईस गिल्बर्टचे तीन सिनेमे घ्या: 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६७), 'द स्पाय हू लव्हड मी' (१९७७) आणि 'मूनरेकर' (१९७९). पहिल्यात कॉनरी, पुढच्या दोघांत मूर. पण एकात अंतराळयानं गिळणारं यान आहे, दुसऱ्यात पाणबुड्या गिळणारं तेलवाहू जहाज, तिसऱ्यात पळवलेलं स्पेस शटल. अफाट सेट, शेवटी तिथे होणारी धुमश्चक्री, सगळं तेच. हे तिघे भाऊ आहेत आणि त्यांची तुलना आधी आपसात व्हायला हवी. माझ्या मते मधला सर्वांत चांगला, कारण सारखी गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना ती कुठे सैल होती हे गिल्बर्टला कळलेलं दिसतं. तिसऱ्यांदा मात्र सगळ्यांनाच अवकाशात जायची घाई झाली होती.

मार्टिन कॅम्पबेलने 'गोल्डनआय' (१९९५) आणि 'कसिनो रोयाल' केले. दोन वेगळे नट, दोन्ही वेळा नव्याने सुरुवात, आणि दोन्ही वेळा गाडी रुळावर. जॉन ग्लेनने १९८१ ते १९८९ मध्ये ओळीने पाच केले, तीन मूरचे आणि दोन टिमथी डाल्टनचे. लॅझेन्बीच्या त्या एकुलत्या सिनेमाचा दिग्दर्शक पीटर हंट हा आधीच्या बॉण्डपटांचा संकलक. त्यातल्या मारामाऱ्या अशा झटक्या-झटक्यांनी का कापल्या आहेत, ते मग उमगतं.

४. त्याच रात्री तीन ओळी

सिनेमा संपला की झोपण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, खलनायकाचा बेत एका वाक्यात. 'गोल्डफिंगर' (१९६४) मध्ये ते सहज जमतं: अमेरिकेच्या साठ्यातलं सोनं चोरायचं नाही, किरणोत्सर्गाने निकामी करायचं, म्हणजे स्वतःच्या सोन्याचा भाव वाढेल. ज्या सिनेमाचं हे वाक्य चार वेळा खोडून लिहावं लागतं, त्याची पटकथा कच्ची असण्याची शक्यता दाट.

दुसरी, बॉण्ड कुणीही असता तरी टिकलं असतं असं एक दृश्य. 'द स्पाय हू लव्हड मी'ची सुरुवात आठवा: स्कीवरून कड्याबाहेर झेप, बराच वेळ नुसती शांतता, मग उघडणारं ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट. मूरच्या कारकिर्दीतला हा सर्वांत गाजलेला क्षण, आणि त्यात मूर नाहीच. कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲसगार्डवरून ती उडी रिक सिल्व्हेस्टरने मारली होती. उलट उदाहरण 'द मॅन विथ द गोल्डन गन' (१९७४) चं. मोडक्या पुलावरून गाडी हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे उतरते, अस्सल कसरत, आणि त्यावर कुणीतरी शिट्टीचा गमतीदार आवाज चढवून तिचं पार हसं केलं. ही चूक नटाच्या खात्यावर टाकू नका.

कधीकधी हे दृश्य नटाशिवाय सांगताच येत नाही. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) मधली रेल्वेच्या डब्यातली मारामारी कॉनरी आणि रॉबर्ट शॉ यांच्या अंगावर उभी आहे. तसं असेल तर तसं लिहा. नटाला शून्य द्यायचं नाही, फक्त त्याच्या वाट्याचंच द्यायचं.

तिसरी ओळ, घड्याळाकडे लक्ष कुठे गेलं. एकूण लांबीवर जाऊ नका. 'क्वांटम ऑफ सोलेस' १०६ मिनिटांचा, सर्वांत आखूड, तरी त्यातल्या पाठलागांत कोण कुणामागे लागलंय हेच कळत नाही. लॅझेन्बीचा सिनेमा १४२ मिनिटांचा आहे आणि बर्फातला उत्तरार्ध कधी संपला ते कळत नाही.

५. गुणांचा तक्ता करू नका

गाणं १०, खलनायक १०, करामती यंत्रं १० अशी बेरीज करायचा मोह होतो. २००६ च्या 'कसिनो रोयाल'मध्ये ना बॉण्डला यंत्रं पुरवणारा क्यू आहे ना त्याच्या साहेबांची सचिव मनीपेनी, आणि यंत्रांची करामतही जवळजवळ नाही. बेरजेत तो मार खातो, आणि 'डाय अनदर डे' (२००२) अदृश्य होणाऱ्या गाडीच्या जोरावर पुढे जातो. हा निकाल ज्याला मान्य असेल त्याने खुशाल तक्ता करावा.

६. मधोमध घाला

एकेक सिनेमा पाहून झाला की तो लगेच यादीत बसवा. यादीच्या बरोबर मधल्या सिनेमाशी त्याची गाठ घाला आणि एकच प्रश्न विचारा: आज रात्री यातला एकच पाहता येणार असेल तर कोणता? जिंकला तर वरच्या अर्ध्यातल्या मधल्याशी, हरला तर खालच्या; जागा सापडेपर्यंत असंच. २५ व्या सिनेमालाही यात जास्तीत जास्त पाच लढती लागतात. उणीस-वीस वाटलं तर रात्रीच्या त्या तीन ओळी काढून वाचा.

७. अवघड जागा

साठच्या दशकातल्या काही गोष्टी आज बघवत नाहीत. 'गोल्डफिंगर'मधलं गोठ्यातलं जबरदस्तीचं दृश्य, 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये बॉण्डला जपानी बनवण्यासाठी केलेला मेकअप. 'काळच तसा होता' म्हणून सरसकट माफी नको, आणि त्यावरून सरसकट बादही नको. मी एक कसोटी लावतो: ते दृश्य काढलं तर सिनेमा उभा राहतो का? 'गोल्डफिंगर' लंगडतो, कारण नायिकेने पक्ष बदलण्याला पटकथेत दुसरं कारणच दिलेलं नाही. म्हणून माझ्याकडे तो सहावा आहे, बऱ्याच जणांकडे असतो तसा पहिला नाही.

आपल्यासाठी दुसरी अवघड जागा 'ऑक्टोपसी' (१९८३). उदयपूरचा लेक पॅलेस, कबीर बेदी, विजय अमृतराज, रिक्षांचा पाठलाग. आपलं माणूस दिसलं की हात सैल होतो. त्याच वेळी साप, फकीर, निखारे यांचं जे प्रदर्शन मांडलंय त्याने डोकंही फिरतं. दोन्ही बाजूला ठेवून जर्मनीतला भाग पाहा. विदूषकाच्या वेषातला बॉण्ड बॉम्बपर्यंत पोचायला धडपडतो आणि कुणी त्याचं ऐकत नाही. तिथे मूर खरोखर घाबरलेला दिसतो, आणि तेवढ्यावर हा सिनेमा माझ्या यादीत तेरावा आला.

८. पिकू द्या

यादी महिनाभर बंद ठेवा. मग फक्त वरचे पाच आणि खालचे पाच तपासा. मधल्या पंधरांत एखादा इकडे-तिकडे झाला तर झाला. माझ्याकडे सध्या 'कसिनो रोयाल' पहिला, लॅझेन्बीचा दुसरा, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' तिसरा. 'डाय अनदर डे' चोविसावा. आणि पंचविसावा 'डायमंड्स आर फॉरेव्हर' (१९७१): खलनायकाचा बेत धड कळत नाही, लास व्हेगासमधला पाठलाग रेंगाळतो आणि शेवट ढेपाळतो. त्यातही नायक कॉनरीच आहे.