मोटारहोमचा नाशिक मुक्काम: पैसे वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

मोटारहोम, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी, रात्री लावायच्या जागेचं भाडं महाग की स्वस्त, हे जागेकडे बघून कळत नाही. त्यासाठी आधी गाडीतल्या टाक्या आणि बॅटरी बघा. पिण्याचं पाणी संपत आलंय, संडासाची कॅसेट (खालचा काढून रिकामा करायचा मैल्याचा डबा) भरलीय, बॅटरी उतरलीय, अशी अवस्था असेल तर त्या रात्री पैसे मोजा आणि मनात शंका ठेवू नका. हे सगळं ठीक असेल, रात्री नऊला पोहोचून सकाळी सहाला निघायचं असेल, तर रिसॉर्टच्या लॉनचे आणि पोहण्याच्या तलावाचे पैसे कशासाठी द्यायचे? नाशिकला येणारे अनेकजण नेमकं उलटं करतात. पहिल्या रात्री, टाक्या भरलेल्या असताना, गंगापूर धरणाच्या बाजूला महागडी जागा घेतात आणि तिसऱ्या रात्री पाण्यासाठी वणवण करतात.

"लाइट आहे" एवढ्यावर बुकिंग करणं

राज्याचं कॅरव्हॅन (म्हणजे अशाच गाड्यांच्या) पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. तरी बहुतेक ठिकाणी तुम्हाला मिळतं ते हॉटेलचं किंवा फार्म स्टेचं पार्किंग आणि भिंतीवरचा एक सॉकेट. फोनवर "लाइट आहे" म्हणतात ते खरंच असतं, पण तो सॉकेट ५ अँपिअरचा असला तर तुमच्या फारसा कामाचा नाही. २३० व्होल्टवर ५ अँपिअर म्हणजे जेमतेम ११५० वॅट. एक टनाचा एसी एकटाच तेवढं खेचतो आणि गीझर तर २००० वॅटचा. म्हणून बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारा: सॉकेट १५ अँपिअरचा आहे का, अर्थिंग आहे का, गाडी उभी राहते तिथून तो किती लांब आहे.

एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडत असेल तर आधी गीझर बंद करा, मग बॅटरीचा चार्जर, आणि शेवटी एसी. कुठल्या उपकरणाने लोड वाढतोय ते लगेच कळेल. केबलचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल लोडवर तापते आणि तिचं आवरण वितळू शकतं. गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि ती रात्र बॅटरीवरच काढा. अर्थिंगशी तडजोड करायची नाही, गाडीत मुलं असतील तर मुळीच नाही.

बॅटरीवर रात्र निघते का? एसी नसेल तर सहज निघते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत, म्हणजे ९००. छोटा पंखा, दिवे, १२ व्होल्टचा फ्रीज आणि मोबाइल यांना रात्रभरात पाच-सहाशे पुरतात. एसी मात्र त्याच बॅटरीवर तासभरही चालणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकमध्ये रात्री एसी लागतच नाही, त्यामुळे या महिन्यांत निव्वळ विजेसाठी जागा घेणं मला पटत नाही. एप्रिल-मेमध्ये घ्या.

सांडपाण्याचं विचारायचं राहून जाणं

ही चूक सगळ्यांत वाईट, कारण तिची किंमत दुसरे मोजतात. गंगापूर धरणातून नाशिक शहराला पिण्याचं पाणी जातं. तिथल्या काठावर, ओढ्यात किंवा शेताच्या चारीत कॅसेट रिकामी करणं म्हणजे शहराच्या हंड्यात घाण टाकणं आहे. कॅसेट फक्त सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजला जोडलेल्या संडासातच ओतायची, तीही मालकाला विचारून. फॉर्माल्डिहाइड असलेलं निळं रसायन वापरत असाल तर तेही सांगा. त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि टाकीतली घाण कुजायची थांबते. भांड्यांचं, अंघोळीचं पाणीही गाडीखाली सोडून द्यायचं नाही. ज्या जागेत हे सगळं नीट रिकामं करू देतात, तिथलं भाडं थोडं जास्त असलं तरी द्यावं. माझ्या मते पैसे द्यायचं सर्वांत खरं कारण हेच.

मोसम न बघता जागा निवडणं

द्राक्षबागेच्या कडेला गाडी लावून सकाळी चहा घ्यायचा, ही कल्पना छान आहे. पण ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने बागेत सतत फवारण्या चालतात. पहाटेच ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू होतो आणि वारा तुमच्याकडे असेल तर औषध खिडकीतून आत येतं. मालकाला आदल्या दिवशीच विचारा, "उद्या फवारणी आहे का?" जानेवारी ते मार्च तोडणीचा काळ. तेव्हा बागेचा रस्ता क्रेटच्या पिकअपसाठी मोकळा हवा, तो अडवू नका.

याच दिवसांत मुंबई महामार्गावरच्या ढाब्यावर थांबणार असाल, तर शेजारी रेफ्रिजरेटेड कंटेनर नाही ना ते बघा. द्राक्ष घेऊन निघालेल्या त्या कंटेनरचं कूलिंग रात्रभर चालू असतं. ढाब्यावर जेवून, मालकाला विचारून झोपणं स्वस्त पडतं खरं, पण झोपच झाली नाही तर दुसऱ्या दिवशी कसारा घाट उतरणं धोक्याचं.

पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडे मुरूम टाकलेलीच जागा घ्या. काळ्या मातीत जड गाडी रात्रीतून रुतते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेने ठेवा.

निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. तेव्हा बंद गाडीत शेगडी किंवा गॅस पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जाड रग घ्या, आणि छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा म्हणजे काचेवर पाणीही साचणार नाही.

लांबचा फेरा हिशेबात न धरणं

स्वस्त जागा २० किलोमीटर आडवाटेला असेल तर जाऊन-येऊन ४० किलोमीटर झाले. मोठी गाडी लिटरला सात किलोमीटर देते असं धरलं आणि डिझेल ९० रुपये, तर पाचशे रुपये रस्त्यातच गेले. त्यापेक्षा शहराजवळ दोन रात्री एकाच जागी राहा आणि त्र्यंबकेश्वरला, शिर्डीला एसटीने किंवा टॅक्सीने जा. श्रावणी सोमवारी त्र्यंबकमध्ये मोठी गाडी आत नेण्याचा विचारही करू नका. नवरात्रात सप्तशृंगगडाला खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटी नेते, तेव्हा गाडी लावायची सोय नांदुरीतच बघा.

दोन रात्री सलग घेतल्या तर दर कमी करून मागा, विशेषतः सोमवार ते गुरुवार. आणि मुक्काम नकोच असेल तर सरळ विचारा: पाणी भरायला आणि टाकी रिकामी करायला तासभर थांबलो तर किती घ्याल? दोन ठिकाणी नकार मिळेल, पण तिसरा मालक बहुधा आकडा सांगतो.