माकडहाडाचे दुखणे थांबत नसेल तर

दिवसभर ऐरोलीच्या ऑफिसात खुर्चीवर आणि संध्याकाळी घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून स्कूटरवर, असा दिनक्रम असणारे अनेक जण माकडहाडाच्या दुखण्यावर कंबरदुखीची गोळी घेऊन महिने काढतात. दोन महिन्यांनंतरही दुखणे टिकून असेल, तर कारण शोधायलाच हवे.

प्रथम जागा ठरवा. गुदद्वाराच्या किंचित वर, फटीतील हाडावर बोटाने दाबताच नेहमीची कळ येत असेल आणि बसल्यावर किंवा खुर्चीतून उठताना ती वाढत असेल, तर दुखणे बहुधा माकडहाडाचेच आहे. कळ पायात उतरत असेल तर कंबरेचे मणके, आणि त्या जागी गाठ, छिद्र किंवा पू दिसत असेल तर पायलोनायडल सायनस (नितंबांच्या फटीत त्वचेखाली केस रुतून होणारी पोकळी) तपासावा लागतो. ताप, रात्री पडूनही न थांबणारी वेदना, जांघेत बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पूर्वी कधी आपटून पडलात का, बाळंतपण अवघड झाले का, वजन एकाएकी वाढले वा घटले का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना आठवून सांगा. झोपवून काढलेला एक्स-रे निर्दोष आला म्हणून ‘काही नाही’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते, ते मला फार खटकते. कारण बसल्यावर प्रमाणाबाहेर वाकणारे किंवा जागेवरून सरकणारे माकडहाड, उभे असताना आणि दुखते तसे बसलेले असताना बाजूने काढलेले दोन एक्स-रे शेजारी ठेवल्यावरच ध्यानात येते. कंबरेच्या एमआरआयमध्येही हे हाड पुष्कळदा पूर्ण येत नाही, म्हणून चिठ्ठीवर त्याचा स्पष्ट उल्लेख करून घ्या.

उपचाराची सुरुवात बसण्यापासून होते. मागच्या बाजूला खाच असलेली उशी अशी ठेवा की माकडहाड खाचेवर अधांतरी राहील. उठताना आधी कंबरेतून पुढे झुका. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकण्यापेक्षा उभे राहणे बरे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथल्याने माकडहाडाला जोडलेल्या स्नायूंवर ताण येतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतील तर ते सैल करणारे व्यायाम या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. हे स्नायू आवळण्याचे व्यायाम मनाने सुरू केल्यास दुखणे वाढू शकते.

एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. न पडल्यास भूल देणारे औषध व स्टिरॉइड यांचे इंजेक्शन देतात, आणि त्याने कळ तात्पुरती थांबली तरी दुखणे नेमके तिथलेच आहे याची खात्री पटते. हाड काढण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी. जखम गुदद्वाराजवळ असल्याने जंतुसंसर्गाचा धोका राहतो, तेव्हा ती वारंवार करणाऱ्या शल्यविशारदाचेच मत घ्या.